खोट्या आगीत मेली, खऱ्या आगीत जगली

हे लिहिणारच नव्हतो. आपला जळफळाट चव्हाट्यावर कोण मांडतं? पण मित्रांनो, तापणं हाच ज्याचा धंदा, त्याने लपवायचं तरी काय!

मी एक जुना ओव्हन आहे. प्लोयेश्त शहरातल्या एका छोट्या कारखान्यातला. पाव भाजणारा नव्हे हं! इथे तेलविहिरीत खोल उतरणाऱ्या यंत्रांसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनतात. जमिनीच्या पोटात भयंकर उष्णता. तिथे बोर्ड टिकेल का, ते मी आधीच भाजून सांगायचो. कारखाना सांभाळणारे तुडोरकाका माझ्या पाठीवर थाप मारायचे. "हा खोटं बोलत नाही." बस्स. तेवढ्यावर मी खूश.

मग रालुका आली. तरुण इंजिनियर. आणि तिचा तो कॉम्प्युटर! बोर्ड बनायच्या आधीच हा पडद्यावर त्याचं चित्र तापवणार. ना धूर, ना वास. कुठला भाग किती तापेल ते लाल-पिवळ्या रंगात दाखवणार. सगळे त्याच्याभोवती. त्याला नवं टेबल. माझ्या डोक्यावर कॉफीचे उष्टे कप. मी बंद असतानाही जळायचो.

सप्टेंबरात कॉम्प्युटर म्हणाला, दोनशे अंशांत नव्या बोर्डाची मधली चिप मरणार. बोर्ड माझ्यात ठेवला. माझ्या काट्यावर दोनशे अंश. बोर्ड जिवंत बाहेर आला.

"काय गं पोरी," काका हसले, "खोट्या आगीत मेली, खऱ्या आगीत जगली!"

"काका, गणित मी पुन्हा पुन्हा तपासलंय."

"गणित विहिरीत उतरत नाही, बोर्ड उतरतो. सोमवारी पाठवू."

काय आनंद झाला मला! पण आतून मला कळत होतं. उष्णता मोजणारी माझी तार जागची सरकून तापणाऱ्या कॉइलला चिकटली होती. काटा दोनशे दाखवायचा, पोटात तेवढी धग नव्हतीच. बोर्ड खाली विहिरीत मेला असता तर अख्खं यंत्र वर ओढावं लागलं असतं आणि आमच्या कारखान्याचं काम कायमचं गेलं असतं. मला तोंड नाही हे खरं. पण असतं तरी उघडलं नसतं.

शुक्रवारी काकांनी दरवर्षीसारख्या लाल ढोबळ्या मिरच्या आणल्या. भाजून, सोलून हिवाळ्यासाठी बरणीत भरायच्या.

"काका, ह्या ओव्हनात? बोर्डांचा धूर बसलाय आत, विष आहे ते!"

"इतकी वर्षं खातोय. मेलो का?"

"नाही, पण विनोद बघा कसे झालेत तुमचे!"

काकांनी मिरच्या माझ्यात ठेवल्या, काटा दोनशेवर नेला आणि थोड्या वेळाने दार उघडलं. मिरच्या तशाच चकचकीत. सालीवर एक फोड नाही.

"अरे, कच्च्या कशा?" काका माझ्याकडे बघत राहिले.

रालुकाने एक मिरची दाबली. काट्याकडे पाहिलं. धावत जाऊन स्वतःचा थर्मामीटर आणला, आत खुपसला.

"एकशे चाळीस! काका, बोर्ड भाजलाच नाही आपण."

तार जागेवर बसवली. बोर्ड पुन्हा आत. ह्या वेळी दोनशे म्हणजे दोनशेच. जेवणाच्या सुट्टीआधी चिप मेली. तीच, मधली.

"जिंकलीस गं," काका पुटपुटले. "सोमवारचं रद्द."

वाटलं, आता मी भंगारात. पण रालुकाने माझ्या कोमट दारावर हात ठेवला. "ह्याला टाकायचं नाही हं. माझं गणित खरं आहे, हे ह्याच्याशिवाय कळलं असतं का? फक्त ह्याची तार आता नियमित तपासायची."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर नुसता विश्वास ठेवू नका, तिची काळजीही घ्या.

आता कॉम्प्युटरचं टेबल माझ्या शेजारी आहे. कपही त्याच्याकडे गेलेत. त्याला मी मनात शब्द दिलाय: गड्या, काय जळेल ते तू सांग, मी भाजून बघीन. तू हरावास असं वाटेल मला, वाटणारच. तरी धग खरी देईन.