जज्जसाहेबांच्या खुर्चीची करकर

मित्रांनो, या तळघरात लपाछपी खेळता खेळता दमलात ना? बसा माझ्यावर, पण मी करकरले तर दचकू नका. मी एक जुनी, ओकच्या लाकडाची फिरती खुर्ची आहे. वर सिल्व्हर फोर्क या खाणींच्या गावातल्या फेडरल कोर्टात जज्ज ऑरिन टेलफोर्ड यांनी माझ्यावर बसून उभी हयात न्यायनिवाडा केला.

खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्यांना नेमलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. नेमणूक तहहयात. मरेपर्यंत त्यांना कुणी "उठा" म्हणू शकत नव्हतं, आणि तेव्हा तशी गरजही नव्हती. खाणमालकांच्या बड्या वकिलांची ते भर कोर्टात भंबेरी उडवायचे. एखादी थाप पटली नाही की ते मागे रेलायचे आणि माझी स्प्रिंग करकरायची. "खुर्ची बोलली रे! काढ आता पुरावा," असं म्हणत वकील एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मला काय गर्व चढला होता म्हणून सांगू!

पुढे मिशा पांढऱ्या झाल्या. जेवण झालं की साहेबांचा डोळा लागायचा. अंग मागे कललं की मी करकरायचे आणि ते दचकून सावरायचे. वकील गालात हसायचे. कोर्टाचा पट्टेवाला हायरम साहेबांवर जीव टाकायचा, त्याला ते बघवेना. एका सकाळी तो तेलाची झारी घेऊन आला.

"म्हातारपणी माझ्या साहेबांना कुणी हसायचं नाही. गप बस, बये!" असं म्हणून त्यानं मला उलटी केली आणि स्प्रिंगला पोटभर तेल पाजलं. मी मुकी झाले.

त्याच दुपारी सिल्मा कोस्किनेन समोर उभी राहिली. नवरा खाणीत गाडला गेलेला, पदरी दोन पोरं. देशभर दारूबंदी असताना तिनं घरी बिअर करून खाणकामगारांना विकली होती. गुन्हा तिला कबूल होता. शिक्षा किती, ते साहेबांच्या हातात होतं. फिनलंडहून आलेली ती बाई मान खाली घालून शब्द जुळवत बोलू लागली.

"साहेब, दंड करा, मी लोकांची धुणी धुऊन फेडीन. पण तुरुंगात नका धाडू. धाकट्याला फेफरं येतं हो. अनाथाश्रमात त्याला धरून कोण बसेल?"

तिनं तोंड उघडलं तेव्हाच साहेब मागे कलले होते. मी सगळा जीव एकवटला, पण आवाज फुटेना. ते झोपले. दोन्ही वकिलांनी पाहिलं, हायरमनंही पाहिलं. सगळे खाली बघत राहिले.

ती बोलायची थांबली, तेव्हा साहेबांना जाग आली. "बाई, शिक्षेआधी तुम्हाला काही सांगायचंय?"

सिल्मानं मान वर केली. तिला वाटलं, एवढं ऐकूनही साहेबांना ते पुरेसं वाटलेलं नाही. "सांगितलं की, साहेब. होतं ते सगळं सांगितलं."

"मग एक वर्ष तुरुंग," साहेब म्हणाले.

हायरमनं पुन्हा मला तेल लावलं नाही. पण ते तेल चांगलं होतं, साहेब होते तोवर टिकलं. आता गंज चढलाय, तुम्ही नुसतं हललात तरी करकरते. मित्रांनो, माझी धूळ पुसा, वाळवीपासून मला जपा. स्प्रिंगला मात्र तेल घालू नका.