रंगनाथमामांची नंबरांची वही

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. पण त्या दिवशी मी तापले ते काही उगाच नव्हे.

मी अंजली पगारे. द्वारका सर्कलच्या पलीकडे आमच्या संस्थेचं संगणक केंद्र आहे, तिथलं नेटवर्क मी बघते. नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला स्वतःचा एक नंबर लागतो, घराला पत्ता लागतो तसा. नंबर नाही तर संगणक चालू असून नसल्यासारखा. पूर्वी हे नंबर हाताने दिले जायचे. आमचे शिपाई रंगनाथमामा, मूळचे देवळ्याचे, बारा वर्षं ते एका लांबट वहीत लिहून ठेवायचे. कुठल्या टेबलाला कुठला नंबर, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. अडचण एकच होती. एखादा नंबर चुकून दोघांना गेला की घोळ, आणि मग वही घेऊन अख्खी सकाळ टेबलाखाली.

आठ महिने केंद्रप्रमुख राकेश सरांच्या मागे भुणभुण लावून मी ते बदललं. आता आतल्या खोलीतलं एक मोठं यंत्र सगळ्यांना आपोआप नंबर वाटतं. संगणक सुरू झाला की हाक मारतो, मला नंबर द्या, आणि यंत्र देतं. दवाखान्यात टोकन मिळतं ना, तस्सं. वही कपाटात गेली. मामांना ते लागलं हे मला कळलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाच राग आला.

राकेश सर म्हणाले होते, "मॅडम, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा आहे. त्यात गडबड झाली तर आपली जुनी पद्धत बरी. परत वही."

"चालेल," मी म्हटलं. तोंडाने म्हणायला काय जातं.

परीक्षेच्या दिवशी मी साडेसातला हजर. आधीचे दोन दिवस मी रजेवर होते. खंडेनवमीला इथं यंत्रांची पूजा मांडतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरी पूजा नसते. विजयादशमीला आम्ही सगळे त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी विहारात जातो. आतल्या खोलीत टेबलावर झेंडूच्या माळांचा हा ढीग पडलेला. मामांच्या मते मांडलेली पूजा तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. मी फुलांना हात लावला नाही. ज्याचं त्याच्यापाशी.

परीक्षेचा नियम सरळ होता. साडेनऊपर्यंत चाळीसच्या चाळीस संगणक जोडलेले दिसले पाहिजेत, नाहीतर पेपर रद्द आणि पोरांना पुढची तारीख. पोरं केव्हाचीच पायऱ्यांवर येऊन बसली होती. सुरगाण्याकडची पल्लवी नावाची एक मुलगी डबा उघडून नागलीची भाकरी खात होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, पेपर आजच व्हईल ना? घरून परत नाय पाठवायचे."

"आजच होणार. तू जेव निवांत," मी म्हटलं आणि आत जाऊन चाळीस संगणक सुरू केले.

सतरा जोडले गेले. तेवीस नाहीत.

बंद करून पुन्हा सुरू केले. आता एकोणीस. तिसऱ्यांदा केले तर चौदाच. मघाशी चाललेला संगणक आता रुसलेला आणि मघाशी रुसलेला आता हसतोय. मी वायरी तपासल्या, टेबलाखाली रांगले, गुडघे काळे केले. मोठं यंत्र बघितलं तर ते ठणठणीत. माझं धाबं दणाणलं. नऊला पाच कमी असताना राकेश सर आले, पडद्यावरचा आकडा बघितला, मग घड्याळ बघितलं.

"मॅडम, वही काढायची का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले, आणि तो राग त्यांच्यावर निघाला. "मामा, मला चहा नको, आणि तुमची वहीपण नको."

बिचाऱ्यांनी वहीचं नावही काढलं नव्हतं. कप खाली ठेवला आणि समोरच्या रुसलेल्या संगणकाकडे वाकून बघत राहिले. पडद्यावर मी त्याचा नंबर उघडून ठेवला होता.

"ताई, ह्यो नंबर कुणी दिला?"

"यंत्राने दिला. आणखी कोण देणार?"

"नाय ताई. तुमच्या नव्या यंत्राचे नंबर धाच्या आकड्याने सुरू होत्यात. ह्यो एकशे ब्याण्णवचा हाय. मी बारा वर्षं लिवलाय. ह्यो आपल्या जुन्या डब्याचा."

जुना डबा म्हणजे आमचा पहिला राउटर. तो स्टाफच्या मोबाइलपुरते नंबर वाटायचा. नवं यंत्र आल्यावर मी तो अडगळीत टाकला होता. मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते आतल्या खोलीत गेले, मी मागोमाग. त्यांनी झेंडूची माळ बाजूला केली. खाली जुना डबा, अंगावर हळदकुंकू, डोक्यावर आपट्याची पानं, आणि सगळे दिवे लुकलुकत होते.

"इतकी वर्षं राबला, त्याला अडगळीत ठेवून बाकीच्यांची पूजा कशी करू? नुसती वीज दिली तर एकच दिवा लागतो. भिंतीतली वायर खोचली की समदे लुकलुकत्यात. म्हटलं, पूजेपुरता तरी जिता दिसू दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळीकडे रांगले, फक्त फुलांखाली बघितलं नाही. भिंतीतली वायर म्हणजे आमचं नेटवर्कच, त्यामुळे एका म्यानात दोन तलवारी झाल्या होत्या. संगणकाने हाक मारली की दोघंही नंबर द्यायचे, आणि जो आधी देईल त्याचा संगणक. पण म्हाताऱ्या डब्याच्या नंबरावरून परीक्षेपर्यंत वाटच जात नव्हती.

मी वायरीला हात घातला आणि थांबले. "मामा, उत्तरपूजा संध्याकाळी आहे ना तुमची?"

"आत्ताच करतो," ते म्हणाले.

त्यांनी वाटीतल्या चार अक्षता डब्यावर वाहिल्या, हात जोडले, तो जागेवरून बोटभर हलवला आणि मग हळूच वायर उपसली. अर्धं मिनिट गेलं असेल. घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती, तरी मला राग आला नाही.

चाळीसही संगणक पुन्हा सुरू केले. वीस, एकतीस, अडतीस. नऊ बावीसला चाळीस. माझा जीव भांड्यात पडला.

राकेश सरांनी विचारलं, "चूक कुणाची होती?"

मामांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मी बोलले. "माझी. एक जास्तीचं यंत्र जोडलेलं राहिलं होतं. आल्या आल्या मीच बघायला हवं होतं."

"म्हणजे पुन्हा असं होऊ शकतं. मग वहीच बरी नाही का?"

या अटीला हो म्हटलं होतं मीच. तर मामा पुढे आले.

"नको साहेब. वहीत एक नंबर चुकला तर मला हुडकायला दुपार व्हायची. ताईच्या यंत्राने धा मिनिटांत चाळीस वाटले. मी मोजत व्हतो."

सरांनी दोघांकडे बघितलं, "राहू दे मग यंत्रच," म्हणाले आणि गेले. मला रडू आलं, सांगायला कसली लाज. गार झालेला चहा मी तसाच पिऊन टाकला. दहाला पेपर सुरू झाला, आणि एकला पल्लवी बाहेर येऊन "बरा गेला" म्हणून बसस्टँडकडे पळाली.

दुपारी मी कपाटातून वही काढून मामांपुढे ठेवली. प्रिंटर आणि अशी सात यंत्रं आहेत, त्यांचे नंबर कधीच बदलून चालत नाहीत. ते यंत्रात कायमचे राखून ठेवायचे आणि वहीत लिहायचे, असं सांगितलं. मामांनी चष्मा पुसला आणि सात ओळी लिहिल्या, तेच मोत्यांचं अक्षर. मग पेन थांबलं.

"ताई, म्हाताऱ्याला आता वायर नाय लावायची ना कधी?"

"भिंतीतली नाही. पण अडगळीत आणखी एक जुना डबा आहे. पुढच्या खंडेनवमीला मी येते आणि दोघांना एकमेकांशी जोडून देते. सगळे दिवे लागतील, आणि त्रास कुणालाच नाही."

"तुम्ही येणार, पूजेला?"

"दिवे लावायला येणार," मी म्हटलं.

आठव्या ओळीत त्यांनी ते लिहून घेतलं, माझ्या नावासकट.