चिठ्ठ्या नसलेले डबे

पहिली तडतड ऐकू आली तशी भट्टीवाल्यांनी गॅस बारीक केला आणि कढईतलं लाकडी उलथनं भराभर फिरवायला घेतलं. कान कॉफीच्या बियांवर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. तडतड थांबली. त्यांनी मनाशी शंभरपर्यंत मोजलं आणि कढई उचलून बिया चाळणीत ओतल्या.

"घड्याळ लावून?" दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही? घड्याळ लावून भाजणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणायचो?"

"त्यानं भट्टी सोडावी आणि स्टेशनवर नोकरी धरावी."

"ती भट्टी होती. ही कढई आहे," ते म्हणाले आणि चाळणी हलवत खिडकीपाशी गेले. बियांची पातळ टरफलं उडून ओट्यावर पडली. बाहेर दहा वाजून गेले तरी धुकं हललं नव्हतं. समोरच्या इमारतीचे दिवे अजून चालूच होते.

चौतीस वर्षं त्यांनी कॉफी भाजली. पेठेतल्या दुकानामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात भट्टी, आणि भट्टीवर फिरणारं लोखंडी पिंप. बिया कधी काढायच्या हे ते वासावरून ठरवत, आणि ते कधी चुकले नाहीत. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, हा माणूस रस्त्यानं जाणाऱ्या दुधाच्या किटलीकडे पाठ करून दूध कालचं की आजचं ते सांगेल. घरीही तीच तऱ्हा. स्वयंपाकघरात मसाल्यांचे चौदा डबे होते, सगळे एकसारखे, आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. पाहुण्यांपैकी कुणी त्याबद्दल विचारलं की त्यांची बायको म्हणायची, "चिठ्ठ्या लावायला हे काय औषधांचं दुकान आहे? झाकण उघडा की कळतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. नऊ दिवस राहिला आणि गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, उतरेल. महिना झाला तरी काही फरक नाही. साबण, घाम, जळकं दूध, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा डबा ती स्वतः घेऊन शेडमध्ये यायला लागली.

मोठा घाणा ते दुपारी लावू लागले. ती भट्टीशेजारी स्टुलावर बसायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि बिया झाल्या की म्हणायची, "चला, जेवून घ्या आता." ते पिंप उघडायचे. शेडमधली माणसं हसायची. "वहिनींचं बोलावणं आलं की साहेबांचं भट्टीत लक्ष राहत नाही," म्हणायची. दोन हिवाळे असे निघाले. एकही घाणा करपला नाही.

मधल्या काळात तिला खोकला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब राहा. त्या दिवशीही ती डबा घेऊन आली. ते म्हणाले, "आज कशाला आलीस?" ती म्हणाली, "मग काय घाणा देवाच्या भरवशावर सोडू?" त्यावर त्यांनी तिला घरी जा म्हणायला हवं होतं. ते पिंप फिरवत राहिले.

ती जाऊन आता आठ महिने झाले. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. दुःखानं सोडली असं सगळे म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं.

"आजोबा, लवंगा किती?" नात ओट्याशेजारच्या खुर्चीवर चढून उभी होती. तिला घरात सगळे ढब्बू म्हणत.

"सहा."

"मी सात काढल्या."

"मग एक परत ठेव."

"ती तुटकी आहे. तिला कसं वाटेल?"

"बरं, राहू दे तिला पण," ते म्हणाले.

मुलगी हसली नाही. ती काल संध्याकाळी आली होती, सुट्टीचे आठ दिवस राहायला. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन तिनं गॅसची बटणं एकेक करून पाहिली, ते त्यांनी बाहेरच्या खोलीतून बघितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि बटण चालूच राहिलं. शेजारच्या काकूंना जिन्यात वास आला, त्यांनी दार बडवलं. काकूंनीच मुलीला फोन केला. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, आमच्याकडे चला, एक खोली रिकामीच आहे. ते म्हणायचे, मला काय धाड भरलीय? शेवटी ती म्हणाली, सुट्टीत येते, मग बघू. आणि हेही मग फुशारकीनं म्हणून गेले, "ये तर खरी. आईची कॉफी करून पाजतो."

हिवाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी त्यांची बायको मोठ्या पातेल्यात मसाल्याची कॉफी करायची. दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची, सुंठ, गूळ आणि त्यांनी भाजलेली ताजी कॉफी. दिवसभर येईल जाईल त्याला कप मिळायचा. टपालवालाही त्या दिवशी जिना दोनदा चढायचा.

त्यांनी आठ दिवस तालीम केली होती. बिया कानानं भाजायच्या. दुधावरून नजर हलवायची नाही. दालचिनी, लवंग, वेलची डोळ्यांना दिसते, जायफळ हाताला कळतं. पुडीचे डबे तेवढे जागेवरून ओळखायचे. सुंठ वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी. ती थोडीच उरली होती, म्हणून तालमीत त्यांनी तिला हात लावला नव्हता.

पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यांनी दालचिनी आणि लवंगा टाकल्या, वेलची ठेचून टाकली, जायफळ किसलं, गूळ फोडून घातला. मुलगी बाजूलाच उभी होती, हाताची घडी घालून, आईसारखी. आता चाचपडून चालणार नव्हतं. त्यांनी वर न बघता तिसरा डबा काढला, झाकण उघडलं, नाकाशी नेल्यासारखं केलं आणि चमचाभर पूड पाण्यात सोडली.

"पुरे?" ते म्हणाले.

मुलीनं पातेल्यात बघितलं, मग त्यांच्याकडे.

"आई एवढीच घालायची ना?"

"हो," ती म्हणाली. "एवढीच."

मग कॉफी, मग दूध. दुधाला त्यांनी वर येऊ दिलं नाही, बरोबर वेळेला बटण बंद केलं, आणि बंद केलेलं तिला दिसावं म्हणून जरा बाजूलाही झाले. दोन कप गाळले. ढब्बूला नुसतं दूध. टेबलाशी तिघं बसले.

मुलीनं पहिला घोट घेतला. कप खाली ठेवला नाही, लगेच दुसरा घेतला.

"कशी झालीय?"

"छान."

"नुसती छान?"

"आईसारखी, बाबा."

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी स्वतःचा कप उचलला. गरम, गोड, कडू. दोन वर्षं एवढंच काय ते जिभेला कळत होतं. ते घशात सुंठीचा जाळ उतरायची वाट बघत राहिले. सुंठीचं तेवढं बरं होतं, तिला नाक लागत नाही, ती घशाशी येऊन सांगते. दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. घसा गप्पच होता.

"मला एक घोट दे ना," ढब्बू आईच्या कपावर वाकली आणि मागे झाली. "ई! याला सूपचा वास येतोय."

"गप्प बस."

"खरंच. लसणीच्या सूपचा. तू घेऊन बघ."

"ढब्बू, ती मोठ्यांची कॉफी आहे. जा, काकूंना सांग आपण आलोय म्हणून. चपला घाल. जा."

दार वाजलं. मुलीनं कप उचलला आणि उरलेली कॉफी तळापर्यंत पिऊन टाकली. पिताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

भट्टीवाले उठले. ओट्यावरचा डबा उघडून त्यांनी चिमूटभर पूड बोटांत चोळली. सुंठीला बारीक धागे असतात. ही पिठासारखी होती, बोटाला चिकटत होती. जिभेवर ठेवली. कुठेच भाजलं नाही. तेव्हा आठवलं, बायको गेल्यावर शेजारच्या काकूंनी सगळे डबे उतरवून घासले होते आणि परत मांडून ठेवले होते. कोणता डबा कुठे होता, हे काकूंनी कुणालाच विचारलं नव्हतं.

ते तिथेच पाठमोरे उभे राहिले.

"अजून आहे का पातेल्यात?" मागून मुलगी म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "असेल तर द्या. अर्धा कप."

त्यांनी पातेलं उचललं आणि सगळी कॉफी मोरीत ओतली. मसाल्याचा चोथा जाळीवर राहिला.

"अहो, बाबा! चांगली होती."

"तुझी आईही असंच करायची," ते म्हणाले. "मी तिला करू दिलं."

"काय करू दिलं?"

ते तिच्या समोर येऊन बसले. कुठून सुरुवात करावी हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी शेवटच सांगून टाकला.

"मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"येत नाही म्हणजे नाही. त्या तापानंतर. दोन वर्षं झाली. भट्टीवर ती येऊन बसायची आणि मला सांगायची. धूर छातीत घेत बसायची, मी बसू द्यायचो. आता हे तू पिऊ नकोस माझ्यासाठी. घेऊन जायचं तर घेऊन जा. मी काही बोलणार नाही."

मुलगी रडेल, चिडेल, निदान इतके दिवस का लपवलंत म्हणून विचारेल, असं त्यांना वाटलं. तिनं भलतंच विचारलं.

"त्या दिवशी गॅस चालू राहिला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. या खुर्चीवर."

"तुम्ही मला सांगितलंत, आत झोपलो होतो. खिडक्या लावून."

"मग काय सांगणार? चार हातांवर गॅस चालू होता आणि मला पत्ता नव्हता, असं? त्यापेक्षा झोपलो होतो हे बरं वाटलं."

"इथे बसून काय करत होतात?"

"मटार सोलत होतो."

"मटार?"

"संध्याकाळच्या भाजीला. काकूंनी आणून दिले होते."

"संध्याकाळच्या भाजीला," ती म्हणाली. तिनं तोंडावर हात दाबून धरला, पण ते थांबलं नाही. टेबलावर डोकं ठेवून ती रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा सगळं तिनंच निस्तरलं होतं, लोकांना पाणी विचारत फिरत होती.

आधी त्यांना वाटलं, आपल्या नाकासाठी रडतेय. म्हणून ते म्हणाले, "अगं, नाकच तर गेलंय, त्याचं एवढं काय?" तिनं मान नुसती हलवली, वर केली नाही. मग त्यांना गेले दोन महिने आठवले. रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. काही बोलायचं नसायचं. उठलात ना, एवढंच विचारायची, आणि हो म्हटलं की लगेच ठेवायची. त्यांना त्याचा राग यायचा. एकदा तर त्यांनी मुद्दाम तीनदा वाजू दिला होता.

त्यांनी हात पुढे केला. तिच्या केसांवर ठेवावा की खांद्यावर, हे ठरेना. शेवटी टेबलावर तिच्या हाताशेजारी ठेवला.

"पोरी," ते म्हणाले. "तुला वाटलं, मी मुद्दाम..."

"नका बोलू."

"नाही बोलत."

जिन्यात ढब्बूचा आणि काकूंचा आवाज यायला लागला होता. ढब्बू काहीतरी सांगत होती आणि काकू हसत होत्या. मुलीनं पदरासारखी शालीची कड ओढून डोळे पुसले.

"ती तुमच्याकडची खोली," भट्टीवाले म्हणाले, "तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"रस्त्याच्या."

"मग गाड्यांचा आवाज येत असेल."

"येतो. दिवसभर."

"बरं झालं. कान अजून शाबूत आहेत माझे," ते म्हणाले आणि दार उघडायला उठले.