झाकण मिटल्यावर येणारे साहेब

सकाळी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, समोरची शिवणवाली, तिची जाऊ आणि कोणीच न बोलावलेले चारपाच जण एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने उभे होते. एकेक जण पुढे होई, झाकणावर तळहात ठेवी आणि मान डोलावत मागे सरके. लॅपटॉप चांगलाच कोमट होता. काल संध्याकाळी आईने तो पूर्ण चार्ज करून, मिटून कपाटात ठेवला होता आणि आता त्यात जेमतेम चार टक्के बॅटरी उरली होती.

"रात्रभर बसले असणार," शिवणवाली हलक्या आवाजात म्हणाली. "साहेबांना कामाचा भारीच सोस."

साहेब म्हणजे आईचे यजमान. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, लॅपटॉपवर विंडोज काढून हट्टाने लिनक्स घातलं आणि गेल्या वर्षी वारले. त्यांची थोरली मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. ती दारात उभी होती आणि तिचा पारा चढत होता. लोकांनी भुतावर विश्वास ठेवला म्हणून तिचं काही अडत नव्हतं. पण आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला होता, शस्त्रक्रिया परवावर आली होती आणि आईने काल सांगून टाकलं होतं की ती जाणार नाही.

हा उपद्व्याप स्पंदनमहाराजांचा. त्यांना घरी आणलं होतं थोरलीच्याच नवऱ्याने. जावईबापूंना नवीन काहीही कळलं की ते घरी आणल्याशिवाय चैन पडत नसे.

"देह जातो, व्होल्टेज राहतं," महाराज सोफ्यावरून समजावत होते. "आत्मा मुळात डीसी असतो. भिंतीतली वीज एसी. म्हणून साहेबांना बॅटरीच लागते. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलंत, तर त्यांची लहर परत फिरेल. मग कायमची ताटातूट. त्यापेक्षा हे स्पंदनजल रोज डोळ्यात घाला."

आईने बाटली मुठीत घट्ट धरली होती.

"आणि परवा महाराजांनी साहेबांना एक रात्र रजा दिली होती," जावईबापू अभिमानाने म्हणाले. "कीबोर्डच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून मंत्र म्हटला. सकाळी बॅटरी जशीच्या तशी."

थोरली पुढे आली. तिने लॅपटॉपला वायर जोडली, तो उघडला आणि त्याच कोपऱ्यावर अंगठा टेकवला. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा," ती म्हणू लागली. 'बे पंचे दहा'पर्यंत पडदा काळा झाला, लॅपटॉपमधला पंखा थांबला. पोस्टमास्तरांना हसू आवरेना.

"इथे चालू-बंद करायचं बटण आहे," ती म्हणाली. "दाबून धरलं की मशीन पार बंद होतं. बंद मशीन वीज खात नाही. मंत्र कोणताही चालतो."

"पण एरवी ते येतात ना," आई म्हणाली. "रोज नाही येत. ज्या संध्याकाळी मी त्यांचे फोटो बघत बसते, त्याच रात्री येतात."

थोरलीला यावर हसता आलं नाही. उलट, इतक्या दिवसांत कामाचं असं हे पहिलंच वाक्य तिने ऐकलं होतं.

तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला, दोनच फोटो उघडले आणि झाकण मिटलं. थोड्या वेळाने दिवा विझला, पंखाही गप्प झाला. मग झाकण उघडून तिने आईच्या पद्धतीने फोटो उघडायला सुरुवात केली. आईची पद्धत म्हणजे एकही फोटो बंद करायचा नाही; साहेबांचा चेहरा समोर असताना खिडकी बंद करणं तिच्या जिवावर येई. सहली, वाढदिवस, नकाशे, सगळं उघडून झालं तशी थोरलीने झाकण मिटण्याऐवजी, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत झोपायची आज्ञा लिहिली. लॅपटॉप झोपला नाही. एका ओळीत उत्तर आलं, जागा पुरत नाही.

"झाकण मिटलं की हा चालू असलेलं सगळं डिस्कवरच्या राखीव जागेत उतरवतो आणि मग बंद होतो," ती आईला म्हणाली. "बाबांनी ती जागा अगदी मापात ठेवली होती, तेव्हाच्या मेमरीपुरती. नंतर कोणी तरी मेमरी चौपट केली, त्यामुळे त्यात फोटोंचा ढीग राहायला लागला. तो ढीग राखीव जागेत मावत नाही. मग हा झाकणाखाली रात्रभर जागा राहतो आणि तापतो."

"मेमरी कोणी वाढवली?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

जावईबापू छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"शंकेखोर माणसं असली की लहरी बिघडतात," महाराज उठत म्हणाले.

"असू दे. जाण्याआधी या पाण्याचे दोन थेंब तेवढे स्वतःच्या डोळ्यात घाला," थोरली म्हणाली.

महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. चपला घालायलाही ते थांबले नाहीत, हातात घेऊनच जिना उतरले.

थोरली बाकीच्यांकडे वळली. "नवल वाटलं तर जरूर बघायला या. पण हात जोडण्याआधी एक गोष्ट बदलून पुन्हा बघा. आणि डॉक्टरकडे जाऊ नका असं सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही गोड बोलो."

माणसं पांगली. आई मात्र पडद्यासमोर बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि थोरलीला जिंकल्याचा जराही आनंद नव्हता.

"म्हणजे ते येत नव्हते," आई म्हणाली.

"नाही आई."

"मी त्यांची आठवण काढत होते, तेवढंच खरं."

"हो, ते खरं."

आईने बाटली टेबलावर ठेवली आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकून पाहिलं. "यात हसतायत का गं ते? मला कधीचं नुसतं धुरकट दिसतंय." मग डोळे पुसून तिने विचारलं, "परवा किती वाजता निघायचं आपण?"