कानसेनाचे घड्याळ

मित्रांनो, माझ्या काचेवर एक लांबलचक ओरखडा आहे आणि माझा पट्टा तीनदा बदललेला आहे. तरीही मला मोडीत काढू नका. मी एक जुने हातघड्याळ आहे, रोज सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत बिनतक्रार चालणारे. मला तासाचा काटा आहे, मिनिटाचा काटा आहे, पण सेकंदाचा नाही. त्यामुळे मी चालू आहे की बंद, हे चटकन कळण्यासाठी मला कानाशीच धरावे लागते.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे बायका डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत. त्यांच्यातल्या एकीने चिमट्याने माझी केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली आणि श्वास रोखून वाट पाहिली. माझी टिकटिक सुरू झाली, तशी ती हसली आणि तिने लगेच पुढचे घड्याळ उचलले. कौतुकाला तिला वेळ नव्हता.

तिथून मी सैन्याच्या भांडारात गेलो आणि एका अठरा वर्षांच्या जवानाच्या मनगटावर बसलो. दहावीनंतर त्याची शाळा सुटली होती. त्याला गाड्या दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेत पाठवले. थोड्याच महिन्यांत तिथे सगळे त्याला 'कानसेन' म्हणू लागले. कारणही तसेच होते. ट्रक फाटकातून आत येताना नुसता आवाज ऐकून तो म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बघा." इंजिन उघडले की नेमका तोच वॉल्व्ह जळालेला सापडे. मोठे अधिकारी आपल्या गाड्या मुद्दाम त्याच्याकडे पाठवत. नव्या पोरांना तो डोळे मिटायला लावायचा. "हाताला घाई नको. आधी गाडी काय म्हणतेय ते ऐका."

रोज पहाटे तो मला चावी द्यायचा, डाव्या कानाशी धरायचा आणि मान डोलवायचा. मित्रांनो, वीस वर्षे मला हा मान मिळाला. मी त्याच्या मनगटावर असल्यामुळे त्याची नाडी मला कळायची. काम जमले की ती संथ व्हायची. शेजारच्या मैदानात तोफांचा सराव सुरू झाला की दर बाराला ती दचकायची. तो स्वतः मात्र दचकायचा नाही, पाना खाली ठेवायचाही नाही. कानात बोळे घाला म्हणून सूचना लावलेली होती. पण बोळे घातले तर इंजिन कसे ऐकू येणार? म्हणून त्याने ते कधीच घातले नाहीत.

अडतिसाव्या वर्षी तो सैन्यातून निवृत्त झाला. घरी आल्यावर त्याने मोबाइल घेतला आणि मला पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या खणात ठेवून दिले. शेजारी सुटी बटणे, कुठली ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या आणि एक वाळलेले पेन. मी तिथे नऊ वर्षे पडून होतो. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. पण खण नीट बंद होत नसे, त्यामुळे घरातले बोलणे तेवढे ऐकू यायचे.

असेच एकदा त्याच्या बायकोचे बोलणे कानावर आले. ती रुग्णालयातल्या कपड्यांच्या विभागात कामाला होती. खोके आवरताना तिला त्याचे निवृत्तीचे कागद सापडले.

"अहो, हे वाचलंत का कधी? सैन्यातून आलेल्यांना सरकार कॉलेज शिकवतं. फी सरकारची, पुस्तकं सरकारची, वर दर महिन्याला भत्ता."

"ते पोरांसाठी असतं."

"इथे तुमचं नाव आहे, पोरांचं नाही. आणि निवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत प्रवेश घ्यायचाय. नऊ सरली."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी दप्तर घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते तुम्हाला एरवी तरी कुठे ऐकू येतं!" बायको म्हणाली. दोघेही हसले. तेव्हा मलाही ती थट्टाच वाटली.

त्याला कॉलेज हवे होते, हे तिला पक्के माहीत होते. निवृत्तीनंतर धरलेले गॅरेजमधले काम बरे चालले होते, पण घरी जेवता जेवता तो ताटातल्या चमच्यांनी मुलीला गिअर समजावून सांगायचा. त्याला शिकवायचे होते. तंत्रशाळेत शिकवायला पदवी लागते आणि त्याच्याकडे नुसते हात होते. चार दिवस तो त्या कागदाभोवती घुटमळला. पाचव्या दिवशी सही केली.

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला, तर सगळी मुले उभी राहिली. नवे सर आले असे त्यांना वाटले. तो मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसला, तेव्हा वर्गात जो हशा पिकला, तो त्याने घरी येऊन स्वतःच रंगवून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'काका' झाला.

सहामाही परीक्षेत मोबाइल नेता येत नाही, म्हणून माझी आठवण निघाली. त्याच्या मुलीने खण उपसून मला बाहेर काढले, फडक्याने पुसले, चावी दिली आणि कानाशी धरले. "बाबा, चालतंय!" ती ओरडली. मित्रांनो, नऊ वर्षांनी माझ्या स्प्रिंगेत जीव आला. त्या दिवसापासून रोज सकाळी मला चावी द्यायचा मान तिने स्वतःकडेच घेतला.

पुन्हा मनगटावर आलो आणि मला काहीतरी खटकले. वर्गात भौतिकशास्त्राच्या मॅडम शिकवत असताना त्याची नाडी धावत असायची. मॅडम वयाने तिशीच्या आतल्या, बोलणे भरभर, आणि अर्धा वेळ फळ्याकडे तोंड. एकदा त्यांनी विचारले, "शेवटच्या बाकावरचे काका, तुम्ही सांगा." तो वहीत मान घालून लिहीतच राहिला. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा त्याला कधी काही विचारले नाही.

निकाल लागला. भौतिकशास्त्रात आणि गणितात तो नापास झाला. पाठोपाठ त्या सरकारी योजनेच्या कार्यालयाचे पत्र आले. सहा आठवड्यांनी होणाऱ्या फेरपरीक्षेत दोन्ही विषय सुटले नाहीत तर सवलत बंद होईल, आणि दहा वर्षांची मुदत सरत आल्याने पुन्हा अर्ज करता येणार नाही. त्याने ते पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि गॅरेजमधल्या अवजारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली सरकवले. घरी एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर मुलगी शाळेच्या सहलीला गेली. त्या सकाळी त्याने मला स्वतः चावी दिली आणि जुन्या सवयीने डाव्या कानाशी धरले. मी टिकटिकत होतो. मित्रांनो, मी जीव तोडून टिकटिकत होतो. त्याने भुवया आकसल्या, मला हलवले, पुन्हा कानाशी धरले.

"हेही गेलं," तो पुटपुटला आणि मला खिशात घालून थेट घड्याळजीकडे घेऊन गेला.

दोन दुकानांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घड्याळजी बसायचा. म्हातारा होता आणि चष्म्यावर भिंग लावून काम करायचा. त्याने मला कानाशी नेले आणि लगेच परत दिले.

"चालू आहे."

"अहो, बंद आहे. आवाजच येत नाही."

घड्याळजीने मला पुन्हा हातात घेतले. या वेळी त्याने मला याच्या डाव्या कानाशी धरले आणि याच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग उजव्या कानाशी धरले.

"या बाजूला?"

"थोडं... लांबून आल्यासारखं."

म्हाताऱ्याने मला काउंटरवर ठेवले. "साहेब, घड्याळात बिघाड नाही."

मी मनगटावर नव्हतो, तरी त्याची नाडी काय करत असेल ते मला कळत होते. कानसेन म्हणत होते त्याला! त्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. गेली कित्येक वर्षे तो गॅरेजमध्ये इंजिन कानाने नव्हे, तळहाताने ओळखत होता. बॉनेटवर हात ठेवून थरथर चाचपायचा. पण हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केले नव्हते.

"माझी नजर अधू झाली, तेव्हा मी दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही," घड्याळजी म्हणाला. "लोकांची चांगली चालणारी घड्याळं बिघडवून ठेवली, पण बोललो नाही. शेवटी मुलगा म्हणाला, अप्पा, तुम्ही काटे उलटे बसवलेत. मग काय, गेलो डॉक्टरकडे. तुमचं अजून काही उलटं बसलेलं नाही ना?"

तो हसला नाही. मला मनगटावर बांधून तो निघाला.

तो घरी गेला नाही. आधी गॅरेजमधल्या अवजारांच्या पेटीतून पत्र काढले आणि कॉलेज गाठले. भौतिकशास्त्राच्या मॅडम प्रयोगशाळेत तारा गुंडाळत होत्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला. त्याने पत्र त्यांच्यापुढे ठेवले.

"मॅडम, मला नीट ऐकू येत नाही. तुमचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. तुम्ही फळ्याकडे वळलात की तेही नाही."

मॅडम स्टुलावर बसल्या. "मी विचारलं तरी तुम्ही मान वर करत नव्हता. मला वाटलं, एवढं जग पाहिलेला माणूस, माझ्यासारख्या कालच्या पोरीला काय किंमत देणार!"

"मला वाटलं, सांगितलं तर नाव काढून टाकाल. गाड्यांचं शिकायला आलेला बहिरा माणूस काय कामाचा?"

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने विचार केला. "कुणीच नाही."

मग मॅडमनी वही ओढली आणि कामाची यादीच केली. पहिला बाक, तोही उजव्या कानाने ऐकू येईल असा. त्या स्वतः फळ्याकडे तोंड करून बोलणार नाहीत. वर्गातल्या दोन मुली आपल्या वह्या त्याला रोज देतील. आणि कानाची तपासणी, ती आजच.

घरी त्याने बायकोला सगळे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. "कानाचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आपला टीव्ही शेजारचे त्यांच्या घरात बसून ऐकतात. पण पत्र लपवलंत, ते मात्र वाईट केलंत." आणि डोळे पुसून तिने पुढची घडी घातली.

योजनेच्या कार्यालयातल्या कारकुनाने डॉक्टरांचा अहवाल वाचून कपाळाला हात लावला. "तोफांच्या शेजारी वीस वर्षं काम केलंत ना? मग श्रवणयंत्रं तुम्हाला सैन्याच्या रुग्णालयातून मिळतात. कधीपासूनच मिळाली असती! अर्ज का नाही केलात?"

"विचारलं नाही कधी," तो म्हणाला.

सहा आठवडे तो आणि मी नुसते पळत होतो. श्रवणयंत्रे आली, पण सुरुवातीला त्यांतून चमचे, पावले आणि खुर्च्याच जास्त ऐकू यायच्या. गणित हळूहळू सुटू लागले. भौतिकशास्त्रातला कंपनांचा धडा मात्र डोक्यात शिरेना. वारंवारता म्हणजे काय, हे सूत्र पाठ होऊनही कळेना. एके दुपारी मॅडमनी सगळ्या वर्गासमोर प्रयोगशाळेतली मोटर सुरू केली. "डोळे मिटा, हात ठेवा," त्या म्हणाल्या. वेग वाढवत, कमी करत त्या आकडे सांगू लागल्या. मलाही ती थरथर आतपर्यंत जाणवत होती.

अचानक तो म्हणाला, "म्हणजे हा आकडा म्हणजेच ही थरथर? एका सेकंदात किती वेळा, एवढंच?"

"एवढंच!"

"मग हे तर मी तीस वर्षं करतोय!" तो हसत सुटला. मग थांबला, हात थोडा सरकवला. "मॅडम, या मोटरीचं मागचं बेअरिंग गेलंय." प्रयोगशाळेच्या मदतनीसाने मोटर उघडली. बेअरिंग खरोखरच घासलेले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. श्रवणयंत्रांतून त्याला त्या नीट ऐकू आल्या.

फेरपरीक्षेत तो पास झाला. पहिला वगैरे आला नाही, उगाच फुगवून सांगणार नाही. भौतिकशास्त्रात बरे गुण पडले, गणितात काठावर. पुढची वर्षेही सोपी नव्हती. एकदा निबंध परत लिहावा लागला, एकदा पाठ धरली म्हणून आठवडाभर अंथरुणात पडून वाचावे लागले. पण त्याने पुन्हा काही लपवले नाही. कळले नाही की तो हात वर करायचा. मित्रांनो, वर्गातल्या बऱ्याच मुलांनाही तेव्हा कळलेले नसायचे. काका विचारतात म्हणून तेही वह्या उघडायचे.

पन्नासाव्या वर्षी त्याला पदवी मिळाली. त्याच वर्षी मुलगी कॉलेजात गेली. आता तो तंत्रशाळेत गाड्यांचे काम शिकवतो. मी आजही त्याच्या मनगटावर आहे. दर दोन वर्षांनी घड्याळजी मला उघडून साफ करतो, तेल घालतो, म्हणून चालतो आहे.

गेल्या आठवड्याची गोष्ट. कारकुनाने त्याला कार्यालयात बोलावून घेतले. तिथे सैन्यात ट्रक चालवलेली एक बाई अर्ज पुढ्यात घेऊन बसली होती. मुदत संपायला महिना उरला होता. तिला भूगोल शिकायचा होता. "एवढा भूगोल पायाखालून गेला," ती म्हणाली, "पण पुस्तक उघडलं की अक्षरं नाचतात. लोकांपुढे वाचायची वेळ आली तर?"

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हेच आधी सांगायचं तिथे. मी येतो सोबत." तिने पेनचे टोपण काढले. सही अर्धी झाल्यावर क्षणभर थांबली, मग पूर्ण केली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घड्याळ अडले की तुम्ही ते दुरुस्तीला नेता, तसे स्वतःलाही न्या. डोळे, कान, पाठ, मन, जे अडते ते झाकू नका. ज्याने कष्टाने जे हक्क मिळवले, ते त्याला मिळतील एवढे बघा. आणि तुमच्या वर्गात, उशिरा का होईना, कुणी शिकायला येऊन बसले आणि म्हणाले, "परत सांगता का?" तर हसू नका. थोडे सरकून जागा द्या, त्याच्याकडे तोंड करा आणि परत सांगा.