माय मधात मरते तो पिच्चर

रविंद्रचं मत तुम्ही विचारा किंवा विचारू नका, ते येणारच. नरखेडकडचं हे पोट्टं सत्त्याहत्तर साली शिकायला नागपुरात आलं, रामदासपेठेत खोली घेऊन राहिलं आणि वर्षभरात अर्ध्या कॉलेजला सिनेमा शिकवून मोकळं झालं. हा हिरो नाचताना पीटी करतो, ती हिरॉइन रडतानाही लिपस्टिक सांभाळते, आणि सिनेमातली गाणी? सगळी एका साच्यातली! गाणी ऐकावीत तर ताराचंदच्या बँडची.

ताराचंद आणि त्याचे तीन दोस्त एका गॅरेजमध्ये गिटार, ड्रम बडवत. सिनेमाचं एकही गाणं वाजवायचं नाही, सगळं स्वतःचं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे लग्नाला त्यांना कोणी बोलवेना, आणि गॅदरिंगमध्ये लोक हुर्यो करून खाली उतरवत. रविंद्र मात्र दर रविवारी दाराशी बसून ऐके. त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आपण लिहिलेलं गाणं या पोट्ट्यांनी गावं.

"गाऊ बे," ताराचंद म्हणाला. "पण आधी तुझी पसंत पाहू दे. तुले सगळ्यात जास्त आवडलेला पिच्चर कोणता?"

रविंद्र याचीच वाट पाहत होता. लहानपणी नरखेडला, तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिलेला पिच्चर. त्यात माय मध्यंतराआधीच मरते. चिता पेटते. आणि मध्यंतरानंतर तीच माय चुलीपाशी बसून पोराला जेवू घालते. का, कसं, कोणी काही सांगत नाही. "असा डायरेक्टर अख्ख्या देशात नाही गा!"

नशिबानं तोच पिच्चर नागपुरात मॅटिनीला लागला. दोघं गेले. माय काही मधात मरेना. जेवू घालून झालं, खोकून झालं, आणि शंभर सिनेमांत मरते तशी अगदी शेवटी मेली. दिवे लागले.

"पाहिला तरी होता का बे, की नुसता फेकून राहिला होता?" ताराचंदनं विचारलं, आणि सायकल काढून निघून गेला.

रविंद्रचं तोंड एवढंसं झालं. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त कुतूहलानं त्याला छळलं. अरे, या डोळ्यांनी पाहिलं होतं! मग ते बनवलं कोणी? रविवार उजाडताच त्यानं नरखेडची एसटी धरली आणि तंबूचे जुने ऑपरेटर बळीरामजी यांचं घर गाठलं.

"रिळं चुकून उलटी लागली होती का जी?" त्यानं भीत भीत विचारलं.

"चूक कायची गा?" संत्रं सोलता सोलता म्हातारा उखडला. "शेवटली एसटी पिच्चर संपायच्या आधी सुटे. खेड्यातल्या बाया माय मरायच्या आधीच उठून जात. तिकीट काढून रडायले नाही भेटलं, तं पुन्हा कोण येईन? म्हणून मरणाचं रीळ मधात लावलं. 'समाप्त'ची पाटी तेवढी कापून शेवटी जोडली."

रविंद्रला हसावं की रडावं कळेना. ज्या डायरेक्टरवरून तो जीव ओवाळून टाकत होता, तो एसटीचं टाइमटेबल निघाला!

"पुढच्या वर्षी गाडी उशिरा सुटू लागली," बळीरामजी म्हणाले. "तोच पिच्चर पुन्हा आला. मी रिळं नीट लावली. तं बायांनी तंबू डोक्यावर घेतला. 'मायले मेलेलीच काहून ठेवली? मागच्या वेळी उठून बसली होती, पोराले भाकर देली होती. तशीच दाखव!' कांताबाई तं दारात आडवी झाली, कोणाले बाहेर जाऊ देईना. तिची माय त्याच साली गेली होती. मंग काय करतो? लावलं पुन्हा उलटं."

रविंद्रचे डोळे भरून आले. परत आला तो थेट गॅरेजमध्ये, आणि एसटीसकट सगळं सांगून टाकलं. "डायरेक्टरचं त्यात काही नव्हतं गा. पण मले अजूनही तोच आवडते. सरळवाला नाही आवडत."

कोणी हसलं नाही. ताराचंद गिटारच्या खुंट्या पिळू लागला. आजवर त्यांच्या एकाही गाण्यासाठी कोणी दार अडवलं नव्हतं.

"त्या बाया," त्यानं हळूच विचारलं, "आपलं गाणं ऐकतीन का गा?"

"आवडलं तं ऐकतीन. नाही तं तोंडावर सांगतीन."

"मंग त्यांच्यापुढंच वाजवू," ताराचंद म्हणाला. "आण तुझं गाणं."