बोटभर हाड

"श्वास सोडा हो बाई, मी काही पळून जात नाही. फक्त हलू नका."

एक्स-रे मशीनच्या टेकूवर हनुवटी ठेवून शिंपीणबाई ओठ घट्ट मिटून उभी होती. "सोडते, पण तुम्ही आधी लांब व्हा," ती पुटपुटली. "तोंडाला वास येतो, तीन वर्षं झाली. माप घेताना गिऱ्हाईक तोंड फिरवतं. म्हणून श्वास धरून टेप लावते, आकडा मनात ठेवते आणि लांब जाऊन लिहिते. नाकाचं एक ऑपरेशन झालं, दुसरं परवा. नाकवाले डॉक्टर म्हणाले, तेवढे दात दाखवून या."

फोटोकाका लांब झाले नाहीत. तिच्या तोंडाशी वाकूनच त्यांनी डोक्याचा पट्टा आवळला. एकतीस वर्षं या तळघरात ते लोकांच्या जबड्यांचे फोटो काढत होते. माणसाच्या वासाने दचकायचं वय कधीच मागे पडलं होतं.

मशीन तिच्या डोक्याभोवती गुणगुणत फिरलं. पडद्यावर हाडाआड हाड उजळलं, हाडाआड पोकळी उघडली. उजव्या गालाची पोकळी काळी, मोकळी, आभाळासारखी. डाव्या गालाची राखाडी, तुंबलेली. आणि तिच्या खाली, कॅपची टोपी घातलेल्या दाढेचं मूळ पोकळीच्या तळाला भिडलेलं, टोकाशी हाड विरघळून गेलेलं.

दवाखान्याची रीत अशी, की डॉक्टर मागतील तेवढेच फोटोचे काप छापायचे. दातवाल्या डॉक्टरांचं जग मुळाच्या टोकाशी संपत असे. नाकवाल्यांच्या फिल्मा गालापासून वर सुरू होत, दात छाटलेल्या. दोन शहाण्यांच्या मधोमध बोटभर हाड बेवारशी पडलेलं, आणि बाईचा पू नेमका तिथेच.

फोटोकाकांनी न मागितलेला काप छापला.

"हे काय?" दातवाले डॉक्टर फिल्म दोन बोटांत धरून म्हणाले. "मी दाढ मागितली होती."

"दाढच आहे, साहेब. वर कुठवर पोचलीय तेवढं बघा."

"फोटोकाका, तुम्ही बटण दाबा. निदानासाठी अजून मी जिवंत आहे." मग बाईकडे वळून, "दाढ दुखते?"

"नाही."

"दुखेल कशी! टोपी मी स्वतः बसवलीय. काय सुरेख बसलीय! दाताचा काही संबंध नाही, लिहून देतो."

स्वतःच्याच टोपीवर हा माणूस आरशात बघावं तसा भाळला होता. फोटोकाकांनी मान खाली घातली; लोकांना तो आदर वाटला.

बाहेर त्यांनी ती फिल्म तिच्या पाकिटात सगळ्यांत वर ठेवली. "नाकवाल्यांना हीच आधी द्या. बोलू काही नका. इथे नुसतं बोट ठेवा आणि विचारा, हे काय आहे हो? मोठी माणसं आहेत, त्यांना स्वतःला सापडू द्या."

नाकवाल्यांना सापडलं. परवाचं ऑपरेशन रद्द झालं, दाढ निघाली, पोकळी धुतली गेली.

महिन्याभरात तीच फिल्म दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या फ्रेममध्ये आली. खाली लिहिलं होतं, 'दातातून सायनस: आमच्या डॉक्टरांचं अचूक निदान'. कोपऱ्यातली फोटोकाकांची आद्याक्षरं फ्रेमच्या पट्टीखाली दबली होती. आणि फिल्म मागची पुढे लावलेली. आजारी गाल निरोगी बाजूला गेलेला. दातवाले डॉक्टर रोज तिच्याशेजारी उभं राहून पेशंटना समजावत. फोटोकाका रोज समोरून जात, एकदा बघत आणि काही सांगत नसत.

नव्या ॲप्रनसाठी ते शिंपीणबाईकडे गेले. ती अगदी जवळ आली. "गळा साडेपंधरा," ती मोठ्याने म्हणाली. "खांदा अठरा." तिचा उबदार, निर्मळ श्वास त्यांच्या मानेवर आला, तशी त्यांनी पटकन मान फिरवली.

टेप थांबली. "वास येतो का अजून?"

"नाही हो," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "डोळ्यांत काहीतरी गेलं."

"मग हलू नका."

एकतीस वर्षं जे इतरांना सांगितलं, ते त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. फोटोकाका ताठ उभे राहिले. ती आकडे म्हणत राहिली.